वाघिणीची उजवी बाजू

कांचन बोकारे आणि मी टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून वाढलो. दोघींचे वडील मूळ नागपूरचे. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली, कचेऱ्या हलल्या, आणि कचेऱ्यांच्या मागोमाग कारकुनांची बिऱ्हाडंही हलली, त्यातलेच ते. कांचनचे वडील दत्तूकाका तेव्हा रेकॉर्ड विभागात अगदी नवे होते. नागपूरहून आलेले फायलींचे गठ्ठे उतरवून जागेवर लावायचं काम त्यांच्याकडे. कुणी घाईत एका विभागाचे गठ्ठे दुसऱ्याच्या मांडणीत रचले की काका भडकायचे. "अरे, कागद हरवत नाही, कागदाची जागा हरवते," म्हणायचे. "मग तो असून नसल्यासारखाच."

कांचन गणितात हुशार. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं त्या काळात तिनं कॉम्प्युटरची पदविका घेतली. काही वर्षं एका खासगी कंपनीत काम केलं, तुषार बोकाऱ्यांशी लग्न झालं, स्नेहा झाली. स्नेहा शाळेत रुळल्यावर कांचनला पुन्हा नोकरीचे वेध लागले, आणि तिनं अर्ज केला तो वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या संस्थेत. मुलाखतीत विचारलं, प्राण्यांची आवड आहे का? ही म्हणाली, "कुत्रा दिसला तरी मी रस्ता बदलते. पण पसारा मला लावता येतो." त्यांच्याकडे पसारा भरपूर होता. तिला लगेच घेतलं.

भोपाळचं एक वेगळेपण आहे. कोलार रोडच्या वसाहती जिथे संपतात तिथून जंगल सुरू होतं, आणि त्या जंगलात खरोखरचे वाघ राहतात. संस्थेची माणसं तिथल्या वाटांवर झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधतात. समोरून काहीही ऊबदार गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. वाघ, साळिंदर, शेळी, सायकलवाला, त्याला सगळे सारखेच. काही दिवसांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणायचं, त्यातले फोटो हार्ड डिस्कवर उतरवायचे आणि कार्ड रिकामं करून परत लावायचं. गेली कित्येक वर्षं हे फोटो कांचनच्या हातून जातात. तिच्या लोखंडी कपाटात फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या हार्ड डिस्क होत्या, काळ्या, चंदेरी, एक लाल. एकेकीत लाखांनी फोटो.

दोन वर्षांपूर्वी अश्विनी परांजपे संस्थेच्या प्रमुख झाल्या. त्या कांचनहून वयानं लहान, पण कामाच्या पक्क्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते कपाट उघडून पाहिलं.

"कांचनताई, यातल्या किती डिस्कची दुसरी प्रत आहे?"

"निम्म्यांची. जुन्या काळात पैसे नव्हते."

"मग सगळं नव्या मोठ्या डिस्कवर घेऊ. दोन प्रती. जुन्या डिस्क आता म्हाताऱ्या झाल्यात."

"घेऊ," कांचन म्हणाली, "पण माझ्या पद्धतीनं. मला घाई करायची नाही."

तिची पद्धत अशी. कधीही 'कट' करायचं नाही, 'कॉपी'च करायचं. फोल्डर जसा आहे तसाच उचलायचा, आतलं काही इकडचं तिकडे करायचं नाही. कॉपी झाली की मूळ आणि नक्कल तंतोतंत सारख्या आहेत का हे कॉम्प्युटरकडून तपासून घ्यायचं. दुसऱ्या प्रतीचंही तसंच. दोन्ही तपासण्या होईपर्यंत जुन्या डिस्कला हात लावायचा नाही. मयूर, वाघांच्या मागे रानात फिरणारा संस्थेतला तरुण संशोधक, तिला चिडवायचा. "ताई, ड्रॅग करा, सोडा, आणि चाय प्यायला चला ना. एवढं टेन्शन काय घेता?" त्याचंही चुकत नव्हतं. बहुतेक वेळा तसं केलं तरी सगळं सुरळीत पोचतं.

एकदा तिनं त्याला कारण दाखवलं होतं. प्रत्येक कॅमेरा आपल्या फोटोंना एकपासून नंबर देतो. म्हणजे धरणाच्या वाटेवरचा पहिला फोटो आणि टेकडीवरचा पहिला फोटो, दोघांचं नाव एकच. ते एका फोल्डरमध्ये ओतले आणि कॉम्प्युटरनं विचारल्यावर 'रिप्लेस' म्हटलं, की एक गेला. "आणि फोटोवर तारीख-वेळ छापलेली असते," ती म्हणाली, "पण जागा नसते. कधी ते फोटो सांगतो. कुठे ते फक्त फोल्डर सांगतो."

तर हे काम चालू असताना, गेल्या जानेवारीतली गोष्ट. जंगलाला लागून असलेल्या गावातला गेंदालाल नावाचा माणूस सकाळी गवत कापायला गेला होता. नाल्यातल्या झुडपांतून वाघानं त्याच्यावर झेप घेतली. खांदा फाडला आणि सोडून दिलं. मागून येणाऱ्या बायकांनी आरडाओरडा करून त्याला बाहेर काढलं. जीव वाचला, पण गाव खवळलं. दुपारपर्यंत रस्ता अडवला गेला, संध्याकाळी वनखात्यानं पिंजरा मागवला.

प्रश्न होता, वाघ कोणता? त्या भागात एक वाघीण वर्षानुवर्षं राहत होती आणि तिनं आजवर माणसाला नखही लावलं नव्हतं. मयूर तिला तिच्या तारुण्यापासून ओळखत होता. त्याचं म्हणणं, हा नक्की बाहेरून आलेला एखादा तरुण नर. हल्ल्यानंतर थोड्याच वेळात नाल्याच्या तोंडावरच्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला होता, स्पष्ट, पण फक्त उजव्या बाजूनं आणि कंबरेखाली गवतात बुडालेला, त्यामुळे नर की मादी तेही कळेना. वाघाचे पट्टे म्हणजे आपल्या बोटाचे ठसे. मात्र डाव्या बाजूचे पट्टे वेगळे, उजव्या बाजूचे वेगळे. आणि संस्थेच्या ओळखपत्रकावर या वाघिणीची होती ती डावी बाजू.

"उजवी आहे," मयूर म्हणाला. "जुन्या वाटेवर आपण समोरासमोर दोन कॅमेरे लावायचो ना, तेव्हाची. ताई, ते कशात आहे?"

कांचननं आठवायला वेळ घेतला नाही. "लाल डिस्क." मग तिचा चेहरा थोडा उतरला. लाल डिस्क रांगेत पुढचीच होती. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

डिस्क लावली. नावं दिसली, फोल्डर उघडले. कॉपी सुरू झाली, जरा पुढे सरकली आणि थबकली. वनखात्याचे अधिकारी चौबेसाहेब फोनवर होते: परवा बैठक, तोवर सांगा. मयूरनं केबल काढून पुन्हा खुपसली. पुन्हा तिथेच अडली. तो तिसऱ्यांदा लावायला गेला तसा कांचननं त्याचा हात धरला.

"थांब. आता बंद कर ती."

तिनं आधी केबल बदलली. मग डिस्क कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला थेट लावून पाहिली. फरक पडला नाही. मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दोष केबलचा नाही. डिस्कच आजारी आहे. आजारी माणसाला आपण पुन्हा पुन्हा उठबस करायला लावतो का?"

"ताई, आपल्याला फक्त दहा-बारा फोटो पाहिजेत. तेवढे उघडून काढू, बाकीचं बाद में," मयूर म्हणाला.

"ते दहा-बारा कुठे आहेत हे शोधायला हजार उघडावे लागतील. तेवढ्यात ती मेली तर ते दहाही गेले. एकदाच, सरळ एका रेषेत वाचून घेऊ. सहज निघतं ते आधी काढायचं. जिथे अडेल ती जागा सोडून पुढे जायचं, आणि सोडलेल्या जागांशी झगडा अगदी शेवटी. त्यासाठीचा प्रोग्राम आहे माझ्याकडे."

अश्विनींनी विचारलं, "मुंबईला पाठवली तर? तिथे प्रयोगशाळा आहेत."

"त्यांना काही आठवडे लागतील. पिंजरा परवा लागतोय."

"तुमची खात्री आहे?"

"सगळं निघेल याची नाही," कांचन म्हणाली. "पण आपल्या हातात यापेक्षा चांगला रस्ता नाही, याची आहे."

"मग करा," अश्विनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लाल डिस्क टेबलावर आडवी ठेवली, ती तापू नये म्हणून थंडीच्या दिवसांत तिच्यावर टेबलफॅन सोडला, प्रोग्राम सुरू केला. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या चालीनं सरकू लागला. तिनं तो काही वेळ पाहिला आणि पिशवी उचलली.

"ताई, तुम्ही भाजी आणायला चाललात?" मयूरनं विचारलं.

"मी इथे बसून ती जास्त वेगानं वाचणार आहे का? आणि तू पण तिला हात लावू नकोस. नाश्ता कर."

बिट्टन मार्केटच्या बाजारात आम्ही दोघी भेटणार होतो, ते ठरलेलंच होतं. हे सगळं मी तिथे ऐकलं, हिरव्या हरभऱ्याच्या ढिगाशी उभी राहून. ती शेजारच्या मेथीची एकेक जुडी उलटसुलट करून निवडत होती.

"आणि नाही निघालं तर गं?" मी विचारलं.

"नाही निघालं तर गेलं, मंजू," ती म्हणाली. "पण जे करायचं ते बरोबर केलंय. आता तिचं काम ती करील." आणि भाजीवाल्याकडे वळून, "भैया, ये मेथी कल की है, आज की निकालो."

दुपारी ती परतली तेव्हा मोठा भाग नव्या डिस्कवर उतरला होता. दिवस मावळेपर्यंत थोडेसेच तुकडे अडून राहिले, तेही तिनं दोनदा प्रयत्न करून सोडून दिले. नव्या डिस्कवर फोल्डर जसेच्या तसे उभे होते, वाटेचं नाव, कॅमेऱ्याचं नाव, महिना. मयूरनं जुन्या वाटेचा फोल्डर उघडला. उजवी बाजू होती. त्यानं तो फोटो आणि नाल्याच्या तोंडावरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. खांद्यावर दुभंगलेला पट्टा, त्यामागे दोन आखूड, फासळ्यांवर खिळ्यासारखी एक आडवी रेघ.

त्यानं दोन्ही फोटोंतल्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "तीच आहे."

मयूरचे डोळे भरून आले होते. "ताई, आपण हे काढलंच नसतं तर बरं झालं असतं."

"मग तिला अंदाजानं पकडलं असतं, नाहीतर दुसऱ्याच एखाद्याला," कांचन म्हणाली. "अंदाजानं नको रे. आता कळलंय ना, मग का केलं ते बघू. तू दहा फोटो मागत होतास. आता बाकीचे उघड."

तिनं स्वतःच माउस घेतला आणि त्या जुन्या वाटेचे फोटो वेळेच्या क्रमानं लावले. पहाटे वाघीण. उन्हं वर आल्यावर मोळीवाल्या बायका. मग शेळ्या, सायकलवर एक म्हातारा, आणि संध्याकाळी परत वाघीण. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष, एकाच वाटेवर सगळे. कुणी कुणाच्या आड आलेलं नाही. दोनदा मात्र थंडीत वाघीण त्या वाटेवरून दिसेनाशी झाली होती. मयूरनं नाल्याकडच्या कॅमेऱ्याचे तेच महिने उघडले. पहिल्या वेळी आणि दुसऱ्याही वेळी, नाल्याच्या काठाशी, तोंडात पिल्लू धरून चाललेली ती.

"बच्चे!" मयूर ताडकन उठला. "ती पिल्लं नेहमी नाल्यातच ठेवते. म्हणजे आताही असणार."

"आणि तेव्हा नाल्यात माणसं नव्हती," कांचन म्हणाली. "आता का आहेत?"

याचं उत्तर गेंदालालकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हॉस्पिटलमध्ये त्याला भेटायला गेले. खांद्यापासून कोपरापर्यंत पट्ट्या, शेजारी स्टुलावर बायको. कांचननं लॅपटॉपवर जुन्या वाटेचे फोटो दाखवायला सुरुवात केली, आणि एका फोटोपाशी गेंदालाल उठायलाच लागला. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा, तोंड उघडं टाकून चाललेला माणूस.

"अरे, ये तो हमई हैं!" तो हसला, हसताना खांदा दुखला, तरी हसत राहिला. बायकोही वाकून पाहू लागली. मग कांचननं त्याच वाटेवरचा त्याच सकाळचा आधीचा फोटो दाखवला. वाघिणीचा. गेंदालाल पडद्याजवळ सरकला.

"हमसे पहले निकली थी?"

"हाँ. रोज़ ही जाती थी. तुम लोग अब इधर से क्यों नहीं जाते?"

"कैसे जाएँ, दीदी? नई कॉलोनी की दीवार खड़ी हो गई. अब नाले में उतर के जाना पड़ता है."

मग कांचननं नाल्यातल्या पिल्लांबद्दल सांगितलं. त्यावर त्याची बायको म्हणाली, "उसके बच्चे हैं तो उसे रहने दो. पर हमें हमारा रास्ता दिलाओ."

त्याच दुपारी बैठक झाली. गावकरी, वनखात्याची माणसं, बाहेर गाडीवर पिंजरा. कांचन अशा बैठकीत आजवर कधी बोलली नव्हती, पण अश्विनी म्हणाल्या, काम तुमचं आहे, तुम्हीच सांगा. ती उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "हमला उसी बाघिन ने किया है." एकच गलका उठला. कुणीतरी मागून ओरडलं, मग वाट कसली बघता? तिनं गलका ओसरू दिला. मग भिंतीवर फोटो दाखवायला लागली. लोक स्वतःला ओळखू लागले. ही माझी सासू. हा आमचा बैल. आणि प्रत्येकाच्या पुढे-मागे, त्याच मातीवर, ती. मग नाल्यातले पिल्लांचे फोटो, आणि शेवटी मयूरनं येताना काढलेला कॉलनीच्या भिंतीचा फोटो.

चौबेसाहेबांनी एकच विचारलं, "ये जगह पक्की है? फोटो इसी रास्ते का है?"

"जी. फोल्डर जैसा जंगल से आया था, वैसा ही है. मैंने कुछ नहीं हिलाया."

साहेबांनी त्या दिवशी पिंजरा लावू दिला नाही. नाल्यात जायला बंदी घातली, दोन्ही टोकांना पहारेकरी बसवले आणि कॉलनीवाल्यांना बोलावणं धाडलं. तीन दिवसांनी मयूरनं नाल्याच्या तोंडावरचं कार्ड आणलं, त्यात आईच्या मागे धडपडणारी दोन पिल्लं होती. भिंतीत फाटक व्हायला मात्र बरीच वादावादी झाली, आणि ते झालं ते होळीच्या तोंडावर. गावातले काही लोक अजूनही म्हणतात की तिला तेव्हाच पकडायला हवं होतं. उन्हाळ्यात तिनं एक म्हैसही मारली. गेंदालालचा हात पूर्वीसारखा वर जात नाही, पण जुन्या वाटेनं तो पुन्हा गवताला जातो.

लाल डिस्क पुन्हा कधी नीट चालली नाही. एका पावसाळ्याचे काही फोटो तिच्यातच राहिले, ते गेले. कांचननं अश्विनींना तसं सरळ सांगितलं आणि उरलेल्या डिस्क हातात घेतल्या. एकामागून एक, दोन प्रती, दोन तपासण्या. आता एक प्रत संस्थेनं मध्यंतरी कोलार रोडवर घेतलेल्या नव्या जागेत आहे, दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. मयूर स्वतःची कार्डं आता कांचनच्याच पद्धतीनं उतरवतो, आणि वर नव्या मुलांना ती पद्धत आपलीच असल्यासारखी शिकवतो. कांचन त्यावर नुसती हसते.

एप्रिलमध्ये काम संपलं, त्या शनिवारी मयूर म्हणाला, "ताई, चला. आज कार्ड तुम्ही काढा." तेव्हा कुठे आम्हाला कळलं की इतक्या वर्षांत ती जंगलात एकदाही गेलेली नाही. स्नेहाचे बूट घालून, डोक्याला पंचा बांधून ती निघाली, आणि मलाही ओढून नेलं. वाळलेल्या सागाच्या पानांचा पायाखाली एवढा आवाज होत होता की वाघ सोडाच, मोरही दिसला नाही. जुन्या वाटेच्या वळणावर तो कॅमेरा होता, झाडाला पट्ट्यानं बांधलेला, धुळीनं माखलेला. त्याच्या समोर आल्यावर कांचन थबकली, पंचा सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

"अगं, फोटो निघतोय," ती मला म्हणाली. "नीट उभी राहा."

मग तिनं गुडघ्यावर बसून झाकण उघडलं, जुनं कार्ड काढून डबीत ठेवलं, नवं बसवलं आणि झाकण दोनदा दाबून पाहिलं. सोमवारी ऑफिसात गेल्यावर तिनं ते कार्ड उतरवलं. शेवटच्या फोटोत आम्ही दोघी होतो, उन्हानं डोळे बारीक केलेल्या, आणि त्याच्या आधीच्या फोटोत रागानं काटे फुलवलेलं एक साळिंदर. तिनं मला फोन करून सांगितलं, "तिघांत तेच सगळ्यात चांगलं आलंय."